नाल्यापलीकडचं रडणं

शांतता समिती हे शब्द कानावर पडले की आजही माझ्या कपाळाला आठी पडते. समितीतली माणसं वाईट नव्हती. चांगलीच होती, आणि म्हणूनच त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी मी ग्रामसेविका म्हणून पुसद तालुक्यातल्या एका गावात रुजू झाले. लग्न झालेलं नव्हतं, सायकल येत नव्हती, सरकारने शिकवलेली बिनधुराची चूल तेवढी बांधता येत होती. गावाने ती चूल कधी मनावर घेतली नाही. गावाच्या खालच्या अंगाने नाला होता आणि नाल्यापलीकडच्या चढावर बंजाऱ्यांचा तांडा. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता तांडा शेती करत होता, आणि ज्यांना शेती पुरत नव्हती ते जंगलातून मोळ्या आणून विकत होते. गावाची आणि तांड्याची, दोन्हीकडची बालवाडी माझ्याकडेच होती.

राहायला खोली मिळाली ती एका विधवा बाईच्या घरात. मी तिला मावशी म्हणू लागले. उंच, हाडकुळी, बोलायला फटकळ. नवरा गेल्यावर तिने एकटीने शेती सांभाळली होती आणि एकुलत्या एका मुलाला वाढवलं होतं. मुलगा नुकता हाताशी आला होता. तिच्या घरची बैलजोडी मानाची होती, म्हणजे पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली तीच जायची.

या घराच्या मागच्या दाराशी तांड्यातली एक बाई मोळी घेऊन यायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. अख्खा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. ती मोळी धाडकन टाकायची आणि मावशी तिच्या ओंजळीत वरून ताक ओतायची. गडू हातात द्यायची नाही. जात त्या दोघींच्या मध्ये तेवढी होतीच. पण ताक पिऊन झालं की दोघी पायरीवर बसून असं काही भांडायच्या की मला आधी वाटलं, आता पोलीस बोलवावे लागणार. लाकडं ओली आहेत, ताक पातळ आहे, तुझं पोट्टं आळशी, तुझं त्याहून आळशी. नंतर कळलं की हा त्यांचा गप्पा मारण्याचा प्रकार आहे. मुलं लहान होती तेव्हा मावशी शेतात गेली की तिचं लेकरू याडीच्याच मांडीवर असायचं. दोघींची मुलं गुरांमागे एकत्र वाढली होती.

पोळ्याला तांड्याचे बैलही गावाच्या तोरणाखाली येत, रांगेच्या शेवटी. आमच्याकडे पोळ्यात झडत्या म्हणतात. रांगेतला एकजण दुसऱ्याची टर उडवणारी यमकातली ओळ टाकतो, दुसरा परत करतो, आणि मग सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. पाटलाचं पोट, दुकानदाराचं माप, तांड्याची दारू, कुणाची बायको माहेराहून का येत नाही, सगळं त्यात निघायचं. ज्याच्यावर झडती पडे तोच जास्त हसायचा. निदान हसल्यासारखं करायचा.

माझ्या तिथल्या दुसऱ्या पोळ्याला कुणीतरी तांड्यावर झडती टाकली. शब्द मला ऐकू आले नाहीत, मी बायकांबरोबर शाळेच्या ओट्यावर होते. एवढंच दिसलं की याडीच्या मुलाने आपली जोडी रांगेतून बाहेर काढली आणि सरळ पुढे नेली. मानाचे बैल अजून उभेच होते. त्याची जोडी तोरणाखालून पार झाली. मग बैलगाड्यांच्या उभाऱ्या निघाल्या. उभारी म्हणजे गाडीच्या कडेला लावलेला दांडा, उपसला की हातात येतो. धूळ, बैलांच्या झुली, माणसांचे हात, यापलीकडे मला काही सांगता येणार नाही. मावशीच्या मुलाच्या डोक्यात दांडा बसला. पुसदच्या दवाखान्याकडे नेताना तो गाडीतच गेला.

याडीच्या मुलाला पोलिसांनी नेलं. वार कुणाचा हे कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी पुढे साक्षी दिल्या.

दुसऱ्या दिवशी याडी तांड्यातल्या दोघीचौघी बायका घेऊन नाल्यापर्यंत आली. बंजारा बायका दुःखात नुसत्या रडत नाहीत. गळ्यात गळा घालतात आणि सुरात बोलत रडतात, गेलेल्या माणसाची सगळी कहाणी त्या रडण्यात सांगतात. तेच करायला ती निघाली होती. गावच्या पोरांनी तिला नाल्यावर अडवलं. "आमच्या माणसाले मारून आमच्यात रडाले येता काय?" असं एकजण ओरडला. ती पाण्याच्या कडेला बसली, डोक्यावरून ओढणी ओढली आणि तिथूनच रडू लागली. आवाज घरापर्यंत येत होता. मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली, ऐकलं. मग कुणीतरी दार लावून घेतलं.

तेराव्याच्या आत समिती आली. तहसीलदार, पुसदचे एक पुढारी, शाळेचे हेडमास्तर, आमचे पाटील आणि तांड्याचा नायक, म्हणजे तिकडचा प्रमुख. शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकली, चहा झाला. समितीने तीन गोष्टी ठरवल्या. पोळ्यात यापुढे झडत्या म्हणायच्या नाहीत, कारण भांडणाचं मूळ झडतीत आहे. तांड्याने आपला पोळा तांड्यातच भरवावा. आणि खटला निकालात निघेपर्यंत गावाने नाला ओलांडून तिकडे जाऊ नये, तांड्याने इकडे येऊ नये. मला तोंडी हुकूम झाला की तांड्याची बालवाडी तूर्त बंद. पाटील आणि नायक एकमेकांना पान देऊन उठले. पुढाऱ्यांनी छोटं भाषण केलं. सगळ्यांना हायसं वाटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसलं.

मला मात्र हायसं वाटेना. मी स्वभावाने खोदून विचारणारी. बालवाडीच्या निमित्ताने घरोघरी जायची, तिथे बसून विचारू लागले की हे सुरू कुठून झालं. गाव म्हणायचं, त्याने बैल पुढे काढले तिथून. तांड्यातले लोक बाजारात भेटत, ते म्हणायचे, बैल उगीच नाही काढले, त्याआधी आमची गुरं तुमच्या लोकांनी कोंडवाड्यात घातली होती. गावाला विचारलं तर, घालणार नाही तर काय, आमची पऱ्हाटी, उभी कपाशी खाल्ली त्यांनी. तांडा म्हणायचा, गुरांनी जायचं कुठून, जंगलाकडची पांदण, आमच्या गुरांची वाट, तुम्ही नांगरून शेतात घेतली. गाव म्हणायचं, पांदण कसली, सरकारने जंगल बंद केल्यापासून तिकडे जातं कोण. आणि तांड्यातला एक म्हातारा म्हणाला, "बाई, ते पांदण आमच्या बैलाईनं पाडली हाय. तवा हे गाव नोतं."

जितकं मागे जावं तितकं ते मागे सरकायचं. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी होती. प्रत्येकाची हकिकत समोरच्याच्या चुकीपासून सुरू व्हायची. स्वतःच्या चुकीपासून सुरू केलेली एकही हकिकत मला त्या वर्षात ऐकायला मिळाली नाही. पांदण, कोंडवाडा, जंगल यांतलं समितीने काहीच विचारलं नव्हतं. तिने झडती तेवढी धरली. वर्षभराचा राग माणसं जिथे हसून ओकून टाकत होती तीच एक जागा होती, आणि नेमकी तीच बंद केली. मी हे हेडमास्तरांना म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही चुलीचं पाहा."

हिवाळा लागला. मावशी शेतात जायची, यायची, पण बोलायची नाही. गावातले पुरुष तिच्या ओसरीवर येऊन बसायचे. पोराचं रक्त वाया जाऊ देणार नाही, असं म्हणायचे. ती त्यांना चहा द्यायची. एकदा ते उठून गेल्यावर कपबशा विसळता विसळता म्हणाली,

"बाई, गावात सारे रडले. पन सारे रागानं रडले. माह्या पोट्ट्यासाठी कोनी रडलंच नाही."

मी विसळलेल्या बशा तिच्या हातून घेतल्या.

"तिनं त्याले मांडीवर खेळवलं हाय," ती म्हणाली. "तीच रडीन त्याच्यासाठी. तिले एकदा माह्या दारात येऊ द्या म्हना. मले त्याची सारी कहानी कोनाच्या तोंडून ऐकाची हाय. मले तं काहीच आठोत नाही आता, तो गाडीत होता तेवढंच दिसते."

मला तिचं म्हणणं कळलं, आणि मला वाटलं, एवढी साधी गोष्ट आहे, ही मी करून देईन. तालुक्याला मीटिंग होती तेव्हा तहसीलदारांना जाऊन भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्ची दिली. मग म्हणाले की मोठ्या कष्टाने वातावरण निवळलं आहे, एका बाईच्या रडण्यासाठी ते पुन्हा पेटवायचं का. "रडण्याचं पुढे पाहू," असं म्हणाले. मी त्यांना विचारलं की समितीत एकही बाई का नव्हती. ते हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की परतीची एसटी चुकली.

मग मी दुसरी वाट धरली. पुसदच्या बाजाराला गाव येतं तसा तांडाही येतो, आणि बाजार काही समितीच्या हुकमात नव्हता. मी मावशीला बाजाराला घेऊन गेले. मिरच्यांच्या ढिगांपलीकडे याडी दिसली. सहा-सात महिन्यांत ती पार वाळली होती. मावशी जागच्या जागी थांबली आणि पिशवी खाली ठेवली, हात मोकळे असावेत म्हणून. याडीनेही पाहिलं. एक पाऊल तिने टाकलं, हे मी शपथेवर सांगेन. मग ओढणी तोंडावर ओढली, पाठ फिरवली आणि गर्दीत शिरली.

मावशीने पिशवी उचलली. "चाला," एवढंच म्हणाली.

कारण कळलं ते मणियार चाचाकडून. हा पुसदचा बांगड्यावाला, बांगड्यांची पेटी घेऊन गावातही यायचा आणि तांड्यातही जायचा. बांगड्या सगळ्यांनाच लागतात, त्यामुळे त्याला कुणी अडवत नव्हतं. तो माझ्या हातात बांगडी चढवता चढवता हळूच म्हणाला, "उसका कसूर नहीं, बाई. वकिलानं सांगून ठेवलं हाय तिले. त्या घरी जाऊन रडली तं कोर्टात म्हनतीन का मायनंच कबूल केलं, पोरानं मारलं म्हनून. आता ती रोए तो भी मुसीबत."

मला ते ऐकून हसूही आलं आणि रडूही. समितीने शांततेसाठी तिचं रडणं थांबवलं होतं आणि वकिलाने न्यायासाठी. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "हाव, पोट्टा तं तिचाबी हाय. खटला सरू दे मंग."

पुढचा पोळा आला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकले, हळद आणि तूप लावलं, रीतीप्रमाणे सगळं झालं. मावशीच्या जोडीला शेजाऱ्याने नेलं. तोरणाखाली गाव उभं राहिलं आणि कुणी काही बोलेना. झडती नाही, गजरही पडल्या आवाजात. बैलांच्या घुंगरांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. नाल्यापलीकडे तांड्याचा वेगळा पोळा चालला होता, तिकडून डफाचा आवाज येत होता आणि इकडची तरुण पोरं तिकडेच बघत होती. बंदोबस्ताला आलेले पोलीस खूष होते. पोळा शांततेत पार पडला, असा निरोप तालुक्याला गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मारामारी झाली होती त्या दिवशीही वाटली नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी यवतमाळच्या कोर्टात निकाल लागला. याडीच्या मुलाला जन्मठेप झाली. गावात गुलाल उधळला गेला. मावशीच्या अंगणात कुणीतरी नारळ फोडायला आलं तेव्हा तिने झाडू उचलला. "माह्या दारात कोनाच्या पोराच्या शिक्षेचा नारळ फुटनार नाही," असं ती इतक्या जोरात ओरडली की आलेले लोक वहाणा न घालताच पळाले. तिचा आवाज तेवढा चढलेला मी तो शेवटचाच ऐकला.

खटला सरला होता. आता कुणाची आडकाठी नव्हती. मी नाला ओलांडून तांड्यात गेले. याडी घरापुढे बसून भाकरीसाठी ज्वारी निवडत होती. मी म्हटलं, मावशी वाट पाहते आहे. तिने सुपातले खडे काढणं थांबवलं नाही.

"आता कोन्या तोंडानं येऊ, बाई? आता आली तं लोक म्हनतीन, पोरगं सुटलं नाही म्हनून पाया पडाले आली."

"लोकांचं सोडा. तिच्या मनात तसं काही नाही."

"तिच्याबी मनात येईन. नाही येनार असं कसं होईन?"

"तिच्या मनात काय येईल ते तिला विचारा ना! मला काय विचारता?" मी चिडून म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "मले रडनंच येत नाही आता," ती म्हणाली. "कोर्टात जाऊन जाऊन दाबून ठेवलं, ते आतच आटलं. हाताले धरून कोनी बसवलं तरी येनार नाही. रडल्याबिना कायले येऊ तिच्या दारी?"

मी परत आले. मावशीला मी खोटंच सांगितलं की ती येणार आहे, जरा बरं नाही तिला. आजही मला त्याचं काही वाटत नाही. त्या गावात तेवढ्या दोन वर्षांत इतकं खरं बोललं गेलं होतं, शपथा घेऊन, की एका खोट्याने काही बिघडणार नव्हतं.

मावशीने वाट पाहिली. मागच्या दाराची कडी ती दिवसा लावेनाशी झाली. ताक घुसळलं की एक गडू बाजूला काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ते आंबलेलं ताक म्हशीच्या आंबोणात ओतायची. मला पाहवत नसे, पण बोलण्याची सोय नव्हती. उन्हाळ्यात तिने अंथरूण धरलं. ताप उतरायचा आणि चढायचा. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. शेवटच्या दिवसांत ती मला याडीच समजायची की काय कोण जाणे. मी पाणी द्यायला वाकले की ती माझे हात चाचपडायची, ताक ओतायला ओंजळ शोधावी तसे. मग ऐन उन्हाच्या दुपारी गेली.

बायका जमल्या. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. आणि मागच्या दाराकडून आवाज आला.

याडी आली होती. एकटीच. नाल्यावर तिला कुणी अडवलं नव्हतं. दोन वर्षांत अडवणारी पोरं थोराड झाली होती, आणि आता मध्ये येण्यासारखं कुणाचं काही उरलं नव्हतं. ती उंबऱ्याबाहेर, जिथे मोळी टाकायची त्याच पायरीवर बसली, ओढणी तोंडावर घेतली आणि सुरात रडू लागली. आटलं होतं म्हणाली होती ते सगळं आलं. घरातल्या बायका मागच्या दाराकडे सरकल्या. अंगणात पाटील उभे होते, त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

तोवर मला त्यांची बोली बरीचशी कळू लागली होती. मी त्या गावात किती जणांना विचारलं होतं, हे सुरू कुठून झालं. कुणी पोळ्यापासून सांगितलं, कुणी कोंडवाड्यापासून, कुणी पांदणीपासून. तिला एकटीला मी कधी विचारलं नव्हतं. ती आता सांगत होती, पार सुरुवातीपासून. मी नवी नवरी होते, असं ती म्हणत होती, पहिल्यांदा मोळी घेऊन गावात आले, कुणी दारात उभं करेना, ऊन डोक्यावर होतं. तू मागचं दार उघडलंस, तूही नवीच होतीस, सासूच्या चोरून मला ताक दिलंस. मग तुला लेकरू झालं, मला झालं. तुझ्याला आधी चालता आलं. माझ्याच्या पायात काटा गेला तेव्हा तुझ्याने त्याला पाठीवर आणलं. एकापुढे एक ती सांगत गेली, आणि पुढे पुढे ती कुणासाठी रडते आहे, मावशीसाठी, मावशीच्या मुलासाठी की तुरुंगातल्या आपल्या मुलासाठी, ते मला वेगळं काढता येईना. त्या सगळ्या कहाणीत चूक कुणाचीच आली नाही. पोळ्यापर्यंत आली आणि तिथे ती थांबली. पुढचं ती म्हणालीच नाही.

मावशीला ऐकायचं होतं ते हेच. आत जमिनीवर ती निजली होती, तोंडात तुळशीचं पान होतं, आणि मागचं दार सताड उघडं होतं.